पाण्यात तपासले

आमच्या दुकानात एक नियम आहे आणि तो मीच घातलेला आहे. दुरुस्त झालेली कुठलीही वस्तू पाण्यात बुडवून पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही. माझ्या टेबलाशेजारी, रस्त्याकडच्या खिडकीखाली, एक जुना पांढरा टब आहे. त्यात वस्तू बुडवून धरायची, दाब द्यायचा आणि शंभरपर्यंत मोजायचं. एकही बुडबुडा वर आला नाही, तर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ‘पाण्यात तपासले’ असं लिहायचं, खाली सही करायची आणि ती चिठ्ठी वस्तूला दोऱ्याने बांधायची. दवाखान्यातली सक्शन मशीनं, दातांच्या डॉक्टरांच्या नळ्या, दूध काढायची यंत्रं, पॅकिंगचे पंप, सगळं या टबातून जातं. हवा जिथून जायला नको तिथून जात असेल, तर ती नेमकी कुठून जाते हे शोधून काढायचं, हा माझा धंदा. या कामात मी कुणाला ऐकत नाही. दुकानात येऊन मला अक्कल शिकवणाऱ्या गिऱ्हाइकाला मी वस्तू तशीच परत देतो.

तीस वर्षांत एकदाच मी टबात न घालता सही केली. ती वस्तू अशी होती की ती मुळात पाण्यातच वापरायची होती. हे आठवलं की आजही माझा माझ्यावर संताप होतो.

वस्तू माझ्या भावजींची होती. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सरकारी नोकरीत वजनमापं तपासायचे. दुकानादुकानांतून फिरून वजनं, काटे, मापं पाहायची आणि बरोबर असतील तर त्यांवर शिक्का मारायचा, हे त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. लग्न ठरवायला आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा आईच्या स्वयंपाकघरातल्या काट्याकडे बघून म्हणाले होते, “हा वीस ग्रॅम खोटा बोलतो.” आई दोन दिवस फुगून बसली होती. तेव्हापासून आमच्यात थट्टा चालायची. मी त्यांना म्हणायचो, “भावजी, ताईचा स्वभाव मोजून घेतलात का?” ते म्हणायचे, “मेव्हणेबुवा, तेवढं मोठं वजन सरकारकडे नव्हतं.”

गेल्या वर्षी त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, सगळ्यांनी हुश्श केलं. त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी एका दुपारी ते दुकानात आले. काउंटरवर बसणाऱ्या बाई जेवायला गेल्या होत्या. भावजींनी बहुतेक ती वेळ बघूनच गाठली होती, कारण आधी त्यांनी दुकानाच्या चारी कोपऱ्यांत नजर टाकली आणि मग पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

“एक मशीन दाखवायचं होतं.”

“दाखवा की. घरातलं आहे?”

“घरातलंच,” ते म्हणाले. “जरा जपून उघड.”

टॉवेलात वीतभर लांबीचं पारदर्शक नळकांडं होतं. खालच्या तोंडाला घड्याघड्यांचा रबरी भाता, वरच्या टोकाला बोटाने उघडझाप करायची छोटी झडप, बाजूला आकड्यांची पट्टी. मी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि विचारणार होतो की हे कुठल्या यंत्राला जोडतात. मग माझ्या लक्षात आलं आणि माझी कानशिलं तापली.

भावजी मात्र अहवाल वाचून दाखवावा तसे बोलत होते. त्यांच्या लाजण्याची तीच पद्धत होती. “ऑपरेशननंतर त्या भागाच्या नसा सुस्त होतात. रक्त नीट पोचत नाही. डॉक्टर म्हणाले, पंपाने व्यायाम द्या, पुरुषाचं इंद्रिय आहे, वापरात राहिलं तर पूर्वपदावर येतं. नुसत्या हवेच्यापेक्षा पाण्याचा सौम्य, म्हणून हा घेतला. कोमट पाण्यात बसायचं, नळकांडं पाण्याने भरायचं, अंगाला लावायचं. भाता दाबला की झडपेतून पाणी बाहेर जातं, सोडला की आत ओढ तयार होते. दहा मिनिटं धरायचं. दोन महिने उत्तम चाललं. आता झडप बंद असली तरी मिनिटभरात सगळं सैल पडतं.”

“आणि फरक वाटत होता?” हे मी विचारायला नको होतं.

“वाटत होता,” ते म्हणाले आणि माझ्याऐवजी टबाकडे बघू लागले. “बराच वाटत होता. म्हणूनच आलो.”

हा माणूस कोमट पाण्यात बसून एवढा खटाटोप कुणासाठी करतो हे मला माहीत होतं. ती माझी बहीण होती. आई-वडील गेल्यावर मी सात वर्षं तिच्या घरी राहिलो, तिच्या हातचं जेवलो, आणि मी काम शिकत असताना माझे तेलाने माखलेले शर्ट तिने रोज घासून धुतले. तिच्या संसारातला हा कोपरा मला बघायचा नव्हता. खरं सांगायचं तर मला ते नळकांडं लवकरात लवकर टॉवेलात परत गुंडाळायचं होतं.

काय करायला हवं होतं ते मला झोपेतही सांगता आलं असतं. झडप उघडून भिंगाखाली धरायची, कारण पाण्यातले क्षार तिथे साचतात आणि खसखशीएवढा कण झडपेला टेकू देत नाही. भात्याची कड खाचेत सगळीकडून नीट बसली आहे का ते नख फिरवून बघायचं. नळकांड्याला केसाएवढी चीर आहे का ते उजेडात बघायचं. आणि शेवटी टब. पण टब खिडकीत आहे आणि खिडकीबाहेर रस्ता आहे. काउंटरवरच्या बाई कुठल्याही क्षणी परत येणार होत्या. त्या आकाराची पारदर्शक वस्तू मी पाण्यात धरून शंभर मोजतो आहे आणि शेजारी माझे सख्खे भावजी उभे आहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मी कच खाल्ली.

भावजी बाई येतात का ते बघायला दाराशी गेले तेवढ्यात मी भात्याच्या तोंडावर तळवा दाबला, भाता दाबून सोडला. तळव्याला चांगली ओढ लागली. दहापर्यंत मोजलं, टिकली. तेलकट तळवा कुठलीही फट दहा आकड्यांपुरती बुजवतो, हे मीच लोकांना सांगत असतो. मग हाताच्या सवयीने मी माझ्या डब्यातलं हिरवं ग्रीस बोटावर घेतलं आणि भात्याच्या खाचेत फिरवलं. एवढ्यात दाराची घंटी वाजली, बाई परत आल्या. मी पुठ्ठ्याचा तुकडा ओढला, ‘पाण्यात तपासले’ असं लिहिलं, सही ठोकली, दोरा बांधला आणि टॉवेल गुंडाळला.

“गळती नाही?” भावजींनी हळू आवाजात विचारलं.

“अजिबात नाही. मशीन ठणठणीत आहे, भावजी. आता पुढचं तुमच्या हातात.”

पस्तीस-चाळीस वर्षांची थट्टेची सवय, दुसरं काय. ते हसले, पण ते माझ्यासाठी हसले.

“मग सैल का पडत असेल?”

मी फडक्याला हात पुसत राहिलो. “आता वय पण...” असं काहीतरी पुटपुटलो आणि वाक्य तिथेच टाकलं.

त्यांनी टॉवेलाची कड बाजूला करून चिठ्ठी वाचली. मागची कोरी बाजूसुद्धा वाचली. “पाण्यात तपासलंस?”

ते डोळ्यांदेखत तिथे उभे होते. फक्त मधली दोन-तीन मिनिटं दाराशी गेले होते. त्या दोन-तीन मिनिटांचा फायदा घेऊन मी म्हणालो, “हो.”

त्यानंतर चार महिने भावजी दुकानाकडे फिरकले नाहीत. रविवारी सकाळी आम्ही बुद्धिबळ खेळायचो, तेही बंद झालं. कधी पाय दुखतो, कधी कंटाळा आला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं ते हायसं. त्यांच्या नजरेला नजर द्यायची नव्हती आणि आपोआप सुटका होत होती. मी बायकोला म्हणालोसुद्धा, “माणूस म्हातारा झाला की चिडचिडा होतो.” स्वतःच्या पापावर दुसऱ्याचं वय पांघरायचं, इतका मी त्या दिवसांत हलकट झालो होतो.

मग एका सकाळी ताई आली. ताई शिवणकाम करते. कापडावरचा डाग नुसता हुंगून तो कशाचा आहे ते सांगते. ती स्टुलावर बसली आणि पिशवी मांडीवर धरून ठेवली.

“छोट्या,” ती म्हणाली. माझं वय चोपन्न आहे, पण तिच्या लेखी मी छोट्याच. “तुझ्याशी बोलायची लाज वाटते. पण दुसरं आहे कोण मला.”

“बोल ना.”

“हे बाहेरच्या खोलीत झोपायला लागलेत. चार महिने झाले. आधी म्हणाले, मी घोरतो, तुझी झोप मोडते. जन्मभर घोरतायत, आता आठवलं. मग डॉक्टरांकडे जायचं बंद केलं. आता म्हणतात, तू भावाकडे जाऊन राहा थोडे दिवस, इथे माझ्याजवळ राहून काय मिळतंय तुला. असं कोणी बोलतं का रे?”

मी टेबलावरचा पाना उचलून पुन्हा तिथेच ठेवला.

“ते एक यंत्र आणलं होतं त्यांनी,” ती म्हणाली. आवाज जरा खाली गेला, पण थांबली नाही. “डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. मला त्या सगळ्याचं एवढं काही नव्हतं. पण त्यांना होतं. चांगलं चाललं होतं, तोंडावर कळा आली होती. शीळ घालायचे. मग ते बिघडलं, तर कुठल्यातरी मेकॅनिकला नेऊन दाखवलं. तो म्हणाला, मशीन चांगलं आहे. म्हणजे वाईट कोण, हे ह्यांनी ठरवून टाकलं.”

भावजींनी तिला माझं नाव सांगितलं नव्हतं.

“त्या मेल्याला काय कळत होतं कुणास ठाऊक,” ताई म्हणाली आणि पिशवीतून तोच टॉवेल काढला. “ह्यांना न सांगता आणलंय. तू बघ. तुझ्याइतकं यातलं कुणाला कळत नाही.”

चिठ्ठी मशीनला नव्हती. दोऱ्याचं टोक तेवढं राहिलं होतं.

या वेळी मी टबाकडे गेलो. बाई काउंटरवर होत्या, रस्त्यावर माणसं होती, आणि मी नळकांडं पाण्यात धरलं. भात्याचं तोंड रबरी झाकणाने बंद केलं, झडपेतून हातपंपाने हलका दाब दिला आणि झडप बंद केली. ताई माझ्या खांद्याशी येऊन उभी राहिली.

वीसपर्यंतसुद्धा मोजावं लागलं नाही. झडपेपाशी बुडबुड्यांची बारीक दोऱ्यासारखी ओळ सुटली. ती जुनी गळती, भावजी पहिल्यांदा आले तेव्हाची. क्षारांचा एवढासा थर होता, व्हिनेगरमध्ये तासभर ठेवला असता तर निघाला असता. मग खाली, भात्याच्या खाचेतून, मोठे आळशी बुडबुडे एकामागून एक वर आले. तिथलं रबर फुगून मऊ पडलं होतं आणि खाचेतून उचललं गेलं होतं. हे रबर ग्रीस पितं आणि फुगतं. रबर कशाचं आहे ते न बघता त्याला ग्रीस लावायचं नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकवतात. ती दुसरी गळती मी स्वतःच्या बोटाने तयार केली होती.

“गळतंय,” ताई म्हणाली.

“हो. दोन ठिकाणी.”

“म्हणजे मशीनच खराब होतं. ह्यांच्यात काही खोट नाही.”

“नाही. कितीही पंप मारला असता तरी हे टिकलंच नसतं.”

तिने रुमालाने डोळे पुसले. मग तिने त्या मेकॅनिकला शिव्या द्यायला सुरुवात केली. ताईच्या शिव्या सावकाश आणि नीट मापात असतात. “डोळे होते की कवड्या त्याच्या? एक घटका नीट बघायला काय झालं होतं? चार महिने माझं माणूस भिंतीकडे तोंड करून झोपतंय. त्या माणसाला सुखाची झोप कशी लागते?”

मी मान हलवत होतो. टबात बघत मान हलवत होतो.

“टब नव्हता का रे त्याच्याकडे?”

“सगळ्यांकडे नसतो,” मी म्हणालो.

ताई गप्प झाली. मला वाटलं, रडू आवरत असेल. बराच वेळ ती तिथेच उभी राहिली. मी झडपेचे स्क्रू सोडवत बसलो, जणू जगात तेवढंच काम उरलं होतं. शेवटी ती म्हणाली, “कधी होईल?” मी म्हणालो, “भाता नवा मागवावा लागेल. चार दिवस. मी स्वतः घरी आणून देतो.” ती निघून गेली.

त्या चार दिवसांत मी ते मशीन दुरुस्त केलं तसं आयुष्यात काही दुरुस्त केलं नसेल. झडप व्हिनेगरमध्ये ठेवून मऊ ब्रशने घासली. नळकांड्यावरचं सगळं ग्रीस साबणाच्या कोमट पाण्याने तीनदा काढलं. नवा भाता आला तेव्हा त्याची कड कोरडीच खाचेत बसवली आणि चार वेळा नख फिरवून पाहिलं. मग टबात धरून तीनशे मोजले. मोजता मोजता काउंटरवरच्या बाई पावती घेऊन आल्या आणि वाकून बघू लागल्या.

“हे कशाचं?”

“पंप आहे.”

“कसला?”

“पुरुषांचा. ऑपरेशननंतर लागतो.”

“हं,” त्या म्हणाल्या. “ती पॅकिंगवाल्यांची पावती कुठे ठेवलीत?”

बस्स, एवढंच. ज्या लाजेपायी मी भावजींचे चार महिने खाल्ले ती लाज एवढीच होती. मी त्यांना पावती शोधून दिली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

दुपारी भावजींकडे गेलो. ताई आत मशीनवर शिवत होती, टकटक बाहेरपर्यंत येत होती. भावजी बाहेरच्या खोलीत बसले होते. खिडकीखाली जमिनीवर त्यांची गादी, उशाशी पाण्याची बाटली आणि चष्म्याचं घर. पाहुण्याच्या सामानाइतकंच सामान. माझ्या हातातला टॉवेल बघून त्यांचा चेहरा पडला.

“हे तुझ्याकडे कसं?”

“ताईने आणून दिलं. भावजी, हे गळत होतं. तुम्ही आणलंत तेव्हाही गळत होतं.” मी आडपडदा न ठेवता सांगायचं ठरवून आलो होतो, नाहीतर सांगितलंच नसतं. “त्या दिवशी मी हे पाण्यात घातलंच नव्हतं. नुसता तळवा लावला आणि सही केली. खिडकीत लोक बघतील म्हणून. आणि वर ग्रीस लावून होतं ते रबरही बिघडवलं.”

भावजींनी चष्म्याचं घर उघडलं आणि चष्म्याखालून पुठ्ठ्याचा तुकडा काढला. कडा मळल्या होत्या. ‘पाण्यात तपासले’. खाली माझी सही.

“रोज संध्याकाळी पाणी तापवायचो,” ते म्हणाले. “पहिले आठ-दहा दिवस वाटायचं, गळतंय. हवा आत शिरताना बारीक आवाज येतो. मी ऐकला होता रे. मग ही काढून बघायचो. म्हणायचो, छोट्याने तपासलंय. तेव्हा आवाज आपल्या डोक्यातला. सगळी नोकरी मी लोकांना सांगत आलो, शिक्का आहे ना, मग माप खरं. आता माझं स्वतःचं आलं तर शिक्क्यावर शंका कशी घेऊ?”

“चूक झाली, भावजी,” मी म्हणालो.

ते उठले. “चल, दाखव.”

आम्ही दोघं न्हाणीघरात गेलो. बादली कोमट पाण्याने भरली आणि दोघं म्हातारे तिच्या दोन बाजूंना उकिडवे बसलो. मी त्यांना सगळं दाखवलं. नळकांडं आधी काठोकाठ भरा, आत हवेचा फुगा राहिला तर ओढ अर्धी होते. भात्याची कड अंगाला सपाट टेकली पाहिजे, खाली एखादा केस आला तरी तिथून हवा शिरते, म्हणून तेवढी जागा साफ ठेवा. फार जोर लावू नका, दुखलं की थांबा. वापर झाला की झडप साध्या पाण्याने धुवा आणि महिन्यातून एकदा व्हिनेगर. तेल, ग्रीस, मलम काही लावायचं नाही, कोणीही सांगितलं तरी. भावजी एकेका गोष्टीला मान डोलावत होते, नवं माप शिकल्यासारखे. मग ते म्हणाले, “दे इकडे,” आणि मशीन स्वतःच्या हातांनी पाण्यात बुडवून धरलं. मी सोबत आणलेलं झाकण लावून हातपंपाने हलका दाब दिला आणि आम्ही मोजू लागलो. मी शंभरला थांबलो. ते दोनशेपर्यंत गेले. पाणी स्वच्छ राहिलं, एक बुडबुडा आला नाही. त्यांच्या कपाळावरची एक आठी सैल झाली तेवढी मला दिसली.

मी खिशातून कोरी चिठ्ठी आणि पेन काढलं. भावजींनी माझा हात धरला.

“चिठ्ठी नको,” ते म्हणाले. “मी बघितलंय.”

मी चिठ्ठी परत खिशात ठेवली. माझी सही यापुढे त्यांना लागणार नव्हती.

“आणि हिला सांगू नकोस,” ते दाराकडे बघत खाली आवाजात म्हणाले. “मी नाव घेतलेलं नाही. तिला भाऊ एकच आहे.”

मी हो म्हणालो. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि असं वाटलं याचीच मला शरम वाटली. ज्याचं वाटोळं केलं तोच माझी बाजू सांभाळत होता आणि मी ती सांभाळू देत होतो. भावजी मशीन धूत न्हाणीघरातच थांबले. मी बाहेर आलो, पायात बूट घालायला वाकलो, तर शिवणयंत्राची टकटक थांबली आणि ताई दाराशी आली.

“झालं?”

“झालं. आता गळत नाही.”

“छोट्या, तुझं ग्रीस हिरवं असतं ना?”

माझा हात बुटाच्या नाडीवरच राहिला.

“सात वर्षं तुझे शर्ट धुतले मी,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “भात्याच्या खाचेत हिरवा डाग बघितला आणि हुंगला तेव्हाच कळलं होतं मेकॅनिक कोण ते. म्हणून तर तुझ्याकडे आले. म्हटलं, बोलेल. मुद्दाम शिव्या घातल्या. म्हटलं, आता बोलेल. टबाचंसुद्धा विचारलं.”

“ताई...”

“घाईत चूक होते माणसाची. ते मी विसरेन. पण मी शिव्या घालत होते आणि तू मान हलवत होतास. ते विसरायला मला वेळ लागेल.”

“तो मीच होतो,” मी म्हणालो. चार दिवस उशिरा, आणि तिला माहीत असलेलं. तरी मोठ्याने म्हणालो, कारण तेवढं तरी तिचं देणं होतं. न्हाणीघरातला पाण्याचा आवाज थांबला. भावजींनी ऐकलं असणार.

ताईने मान हलवली. मग ती खिडकीकडे गेली आणि जमिनीवरच्या गादीवरची चादर ओढून काढली.

“बूट काढ,” ती म्हणाली. “गादीचं ते टोक धर.”

“अगं, राहू दे,” भावजी न्हाणीघराच्या दारातून म्हणाले. हात ओले, टॉवेल काखेत. “लगेच कशाला? बघू नंतर.”

“तुम्ही गप्प बसा. चार महिने तुम्ही बोललात.”

मी बूट काढले आणि टोक धरलं. गादी जड नव्हती, पण दारातून वळताना अडकली. मला ती उभी धरून आधी एक कोपरा, मग दुसरा असं करत आत न्यावं लागलं. आतल्या खोलीत पलंगाची एक बाजू रिकामी होती आणि त्या बाजूच्या उशीला नवा अभ्रा होता. आम्ही गादी टाकली. ताईने चादर झटकली, माझ्याकडे एक टोक फेकलं आणि मी ते सुरकुती न ठेवता गादीखाली नीट खोचलं. तिने येऊन ते पुन्हा तपासलं.

“आता जा,” ती म्हणाली.